आमची वाटचाल : उघड्या प्लेटा घेऊन नागपूरभर

2015 मध्ये मी आणि माझी एमएस्सी मायक्रोची मैत्रीण, आम्ही मानेवाडा रोडवर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, एक सेकंडहँड ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेनं सामान निर्जंतुक करणारं भांडं), एक साधा इन्क्युबेटर (ठरावीक तापमानाला जंतू वाढवायचं कपाट), झाली लॅब. काम एकच, हवेतले बॅक्टेरिया आणि बुरशी पकडायची, वाढवायची, मोजायची. आई म्हणाली, "हवा मोजायचे पैसे कोण देईन बाप्पा तुम्हाले?" खरं सांगते, पहिले सहा महिने कोणीच दिले नाहीत.

मग धंतोली-रामदासपेठेतल्या छोट्या हॉस्पिटलांची ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, तपासायला मिळायला लागली. हवा ओढणाऱ्या मशीनला पैसे नव्हते म्हणून सेटल प्लेट, म्हणजे 90 मिलिमीटरची अगार (जंतू ज्यावर वाढतात ती जेली) भरलेली प्लेट जमिनीपासून 1 मीटर उंच, भिंतीपासून 1 मीटर लांब, 1 तास उघडी ठेवायची, जे पडेल ते पडेल. यात जड कण पटकन बसतात, हलके तरंगत राहतात, आणि किती हवा तपासली ते काही सांगता येत नाही.

याच काळात एक चूक झाली. एका ओटीचा रिझल्ट शून्य आला, आम्ही खुशीत रिपोर्ट देऊन टाकला. रात्री मैत्रिणीचा फोन, "अगं, आदल्या रात्री तिथं फॉगिंग झालं होतं नं?" फॉगिंग म्हणजे क्वाटरनरी अमोनियम या जंतुनाशकाचं धुकं, त्याचा अंश प्लेटवर बसला की जंतू पडूनही वाढत नाहीत, वरून मे महिना, प्लेटा सुकून अगार कडेनं सुटलेलं. दुसऱ्या दिवशी जाऊन डॉक्टरांना सरळ सांगितलं की रिपोर्ट परत घेतो, आणि त्या जंतुनाशकाचा असर मोडणारे लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट 80 घातलेल्या अगारवर फुकट परत सॅम्पल घेतलं. कॉलनी, म्हणजे डोळ्याला दिसणारे जंतूंचे ठिपके, आल्या! डॉक्टर रागावले नाहीत, आजही आमच्याकडेच आहेत. तेव्हापासून प्रत्येक खेपेला एक प्लेट न उघडता इन्क्युबेट करतो, ती कोरी राहिली पाहिजे, आणि एकीवर ओळखीचा बॅक्टेरिया मुद्दाम टाकतो, तो उगवलाच पाहिजे. दोन्ही नीट आल्या तरच शून्याला शून्य म्हणतो.

2018 ला कर्ज काढून अँडरसन पद्धतीचा सॅम्पलर घेतला. मिनिटाला 28.3 लिटर हवा 400 बारीक छिद्रांतून ओढून अगारवर आपटतो, 10 मिनिटांत 283 लिटर, त्यात 17 कॉलनी आल्या तर घनमीटरला साधारण 60, असा हिशोब. एका छिद्रातून दोन जंतू जाऊन एकच कॉलनी दिसू शकते, म्हणून आकडा त्यासाठीच्या तक्त्यावरून दुरुस्त करावा लागतो, हे पुष्कळ जण करतच नाहीत आणि मला याचा राग येतो.

पैसा मात्र खाल्ला तो नागपूरच्या उन्हाळ्यानं. बॅक्टेरिया 30 ते 35 डिग्रीला दोन-तीन दिवस ठेवायचे, बुरशी 20 ते 25 ला पाच दिवस, आणि बाहेर 45! साधा इन्क्युबेटर फक्त गरम करतो, थंड करत नाही, म्हणून कॉम्प्रेसरवाला बीओडी इन्क्युबेटर घ्यावा लागला, मग लाईट गेली की काय म्हणून मोठा इन्व्हर्टर.

हिंगण्याकडच्या एका बेकरीचं काम मला सगळ्यात आवडलं. ब्रेडला तिसऱ्याच दिवशी बुरशी, मालक काका मैद्याला दोष देऊन राहिले होते. आम्ही ब्रेड थंड करायच्या रॅकजवळ दोनदा सॅम्पल घेतलं, एकदा डेझर्ट कूलर चालू, एकदा बंद. चालू असतानाच्या प्लेटा हिरव्या-काळ्या, पेनिसिलियम आणि अ‍ॅस्परजिलस. भट्टीत स्पोअर, म्हणजे बुरशीची बारीक बीजं, मरतात हो, पण थंड होताना परत बसतात, आणि तो कूलर थेट ब्रेडवर हवा मारत होता, आतल्या ओल्या गवताच्या पॅड कधीच्या सडलेल्या. काकांनी कूलर तिथून काढला, त्या खोलीला एसी लावला, पुढची ऑर्डर त्यांनी स्वतः फोन करून दिली.

2021 ला म्युकर या बुरशीच्या आजाराच्या भीतीनं घरगुती फोन फार आले, "मॅडम, आमच्या घरात काळी बुरशी हाय का पाहून द्या". त्यांना सांगितलं की म्युकरचे स्पोअर हवेत सगळीकडेच असतात, प्लेटवर दिसले म्हणजे आजार होईलच असं नाही, शुगर सांभाळा, स्टेरॉईड डॉक्टरांना विचारूनच घ्या. पैसे घेऊन प्लेट ठेवता आली असती, ठेवली नाही.

आज आम्ही सहा जणं आहोत, दोन खोल्यांच्या चार झाल्या. मार्च लागला की प्लेटांचा अगार थोडा जाड ओततो, आइसबॉक्स भरतो आणि सकाळी सातच्या आत साईटवर पोचतो.