तुम्ही विचारलंत म्हणून: मक्याची निवड उपाशी रानात का?

"भरपूर खतावर जो वाण सगळ्यांत जास्त पिकतो, तोच कमी खतातही पुढे राहणार ना?" नत्राची टंचाई थोडी असेल तर हो. पण उतारा निम्म्याखाली आला की वाणांचा क्रम बदलतो. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या कितीतरी लहान शेतकऱ्यांची रानं अशीच आहेत, म्हणून सिमिट या आंतरराष्ट्रीय मका-गहू संशोधन संस्थेच्या झिंबाब्वेतल्या हरारे केंद्रात निवडीचं रानच मुद्दाम उपाशी, म्हणजे नत्राच्या टंचाईत ठेवतात.

त्यासाठी काही हंगाम बिनखताचं पीक घ्यायचं, कडधान्य मात्र नाही, आणि कडबा धसकटांसकट बाहेर काढायचा. स्फुरद, पालाश, जस्त पुरेसं द्यायचं. स्फुरद कमी पडून पानं जांभळी झाली, तर निवड भलत्याच गुणाची होते. खत दिलेल्या प्लॉटच्या 25 ते 35 टक्के उतारा आला की रान तयार. जुना उकिरडा किंवा वारूळ असलेला कोपरा टाळा, तिथला हिरवेपणा वाणाचा नसतो. एका जागी दोन बिया टोकून विरळणी करा, पण नांग्या भरू नका: मागून लावलेलं रोप दबतं आणि शेजारच्या ताटाला फुकटचं नत्र मिळतं.

खरी परीक्षा फुलोऱ्यात. निम्म्या ताटांच्या तुऱ्यातून पराग झडू लागला ती तारीख लिहा, निम्म्या कणसांना केस दिसले तीही. उपाशी ताट तुरा वेळेवर काढतं, पण कणसाला अन्न कमी पडून केस लांबतात. हे अंतर दोन-तीन दिवसांचं असेल तर ठीक. आठवडा गेला तर पराग संपलेला असतो आणि ताट वांझ राहतं. टंचाईत उताऱ्याच्या आकड्यांत जमिनीचा चढउतार मिसळतो, म्हणून हे अंतर आणि दर ताटाची कणसं यांवर माझा जास्त भरवसा.

दाणे भरताना पानं बघा. नत्र तुटलं की खालच्या पानाचं टोक पिवळं पडतं आणि पिवळेपणा मधल्या शिरेवरून इंग्रजी व्हीसारखा आत सरकतो. वाळलेल्या पानांना 0 ते 10 गुण द्या, दहा दिवसांनी पुन्हा द्या. फसगत इथेच होते: वांझ ताट सगळ्यांत हिरवं दिसतं, कारण पानातलं नत्र ओढून घ्यायला दाणेच नसतात. आधी कणीस, मग हिरवेपणा.

खताचा प्लॉटही जोडीला हवाच. पुढच्या वर्षी शेतकऱ्याला युरियाची गोणी मिळाली, तर वाणानं तिला साथ द्यायला हवी. हरारेच्या याच कामातून आलेला मक्याचा वाण झेडएम 521 संकरित नाही, त्याचं बी घरी राखता येतं.