तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाईल असताना हा डबा कशाला?

गणपतीत आरती झाली, प्रसादाची वाटी हातात आली, की कुणीतरी विचारतंच. नवरात्राच्या तालमीला विचारतात, ऑफिसात विचारतात, आणि वरच्या मजल्यावरच्या बेन तर दर वेळी नव्याने विचारतात, "मोबाइलमां तो बधु फ्रीमां मळे छे, तो आ डब्बो शेना माटे?" शब्द बदलतात, प्रश्न तोच. ढोल म्हणा, ढोलकी म्हणा, फोनमध्ये फुकट वाजतं. घरात बाबांचा तबला आहे. मी स्वतः नऊ वर्षं गरब्याच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅड वाजवते आहे. मग एवढे पैसे घालून हे ड्रम मशीन, हे नॉबांचं ताट कशाला आणलंस?

घाईत मी "हौस" म्हणून सुटते. आज नीट सांगते.

डबा म्हणजे आर्तुरिया या फ्रेंच कंपनीचं ड्रमब्रूट इम्पॅक्ट, २०१८ साली बाजारात आलेलं. मी ते पुण्याच्या एका मुलाकडून जुनं घेतलं. त्याचं लग्न ठरलं होतं आणि तो खोली रिकामी करत होता. त्यात आवाज दहाच. किक, दोन स्नेअर, दोन टॉम, झांज, काउबेल, बंद हायहॅट, उघडी हायहॅट आणि एफएम ड्रम नावाचं एक चमत्कारिक प्रकरण. किक म्हणजे ड्रमसेटमधला पायाने वाजवायचा मोठा ड्रम, स्नेअर म्हणजे कडकडणारा छोटा, हायहॅट म्हणजे झांजांची जोडी. सोळा बटणांची एक ओळ आहे, तो सिक्वेन्सर, म्हणजे ठोके ओळीने मांडून ठेवायची जागा. इफेक्ट म्हणाल तर सगळा आवाज चिरडून काढणारं एक डिस्टॉर्शन आणि बोट ठेवलं की तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणारी एक पट्टी. दहा आवाज ऐकून ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला हसला होता. त्याच्या कीबोर्डमध्ये नुसते ढोलच दहाहून जास्त असतील.

पण त्याच्या कीबोर्डमध्ये आणि माझ्या ऑक्टापॅडमध्ये जे आहे ते रेकॉर्ड केलेलं आहे. कुणीतरी कधीतरी ढोल वाजवला, तो टिपून ठेवला, मी काडी मारली की तोच ठोका बाहेर येतो. नवरात्राच्या नवव्या रात्रीही पहिल्या रात्रीचाच ठोका. इम्पॅक्टमध्ये रेकॉर्ड केलेलं काही नाही. बटण दाबलं की विजेचा एक बारीकसा झटका सर्किटला बसतो, सर्किट थरथरतं आणि हळूहळू शांत होतं. ती थरथर म्हणजे किक. या जातीच्या यंत्रांचा आजोबा म्हणजे रोलंड या जपानी कंपनीचं टीआर-८०८, १९८० सालचं. त्याची किक अशीच होती, टिचकी बसली की घणघणणारं एक सर्किट. त्याची हायहॅट तर सहा बेसूर ऑसिलेटरांचा, म्हणजे सतत सूर काढणाऱ्या सर्किटांचा, कालवा गाळून काढलेली! खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून लोकांनी तेव्हा नाकं मुरडली. साधारण बारा हजार नग निघाले आणि १९८३ मध्ये उत्पादन बंद. मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागलं तेव्हा हिपहॉपवाल्यांनी उचललं आणि पुढचं सगळं जग त्याच किकवर नाचलं. आपल्याकडे सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ सालीच मुंबईत हे ८०८ आणि त्याचंच भावंड, बास वाजवणारं टीबी-३०३ घेऊन दहा रागांची तबकडी काढली होती. तेव्हा ती कुणी विचारली नाही. पंचवीस-तीस वर्षांनी परदेशी लोक शोधत आले. असो, तो वेगळा लेख होईल.

तर टिचकी. हे बाबांना समजावायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. "म्हणजे शाईवर बोट पडलं की पुडी थरथरते तसंच," ते म्हणाले. तसंच. फरक इतकाच, की पुडीऐवजी तारांचं आणि कपॅसिटरचं जाळं.

आणि खरं उत्तर इथून सुरू होतं. हे यंत्र ठेका लक्षात ठेवतं, आवाज लक्षात ठेवत नाही. कुठल्या मात्रेला किक, कुठे स्नेअर, कुठला ठोका जोरात, हे सगळं साठवता येतं. पण किकचा नॉब कुठे होता, डिके, म्हणजे ठोका विरायला लागणारा वेळ, किती ठेवला होता, एफएमचा काटा कुठे होता, ते साठत नाही. नॉब जिथे आहे तिथला आवाज. काल रात्री दोन तास घालवून सुरेख किक लावली असेल आणि सकाळी कुणी धक्का दिला, तर गेली. परत शोधा. हे मला पहिल्या आठवड्यात कळलं तेव्हा मी पुण्याच्या त्या मुलाला फोन करून जवळजवळ भांडले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, फोटो काढून ठेवा."

हो, मोबाईल त्यासाठी लागतो. बेनना मी हे सांगितलं तर त्या खूश होतील.

फोटोंचा कंटाळा आला तेव्हा टिकल्या लावल्या. पॅनेलवर नॉबांच्या कडेने आता टिकल्यांची नक्षी आहे. लाल टिकली म्हणजे अभंग, हिरवी म्हणजे गरबा, काळी म्हणजे मी एकटी असताना. पण टिकलीवर काटा आणला तरी आवाज लागतोच असं नाही, जवळपास येतो. मांडवातले स्पीकर वेगळे, गाणारा वेगळा, त्याची पट्टी वेगळी. मग कान लावून केसभर इकडे, केसभर तिकडे. लहानपणी बैठकीआधी बाबा तबला लावायचे ते मी बघायचे. हातोडीने एक गट्टा खाली, मग समोरचा, मग गजऱ्यावर एक हलकी टपली, मान तिरकी, तोंडाने बारीक "सा". पाहुणे ताटकळायचे, आई आतून डोळे मोठे करायची, बाबांना घाई नसायची. ऑक्टापॅडला हे करावं लागत नाही. चालू केला की तो तयार असतो आणि नऊ वर्षं मी त्याबद्दल त्याची आभारीच होते. या डब्याने मला पुन्हा "लावायला" बसवलं. तुम्हाला उत्तर एका ओळीत हवं असेल तर हेच. फोनमधला ढोल लावलेलाच येतो आणि मला लावण्यातच मजा आहे.

आत्या काळी चारमध्ये गाते. काळी चारचा सा खाली खाली उतरवत नेला की साधारण ५२ हर्ट्झवर येतो, म्हणजे किकच्या अगदी घरात. किक त्या साला लावून डिके थोडा वाढवला की ठोका पडतो आणि त्याच्या पोटात तानपुऱ्यासारखा सा गुणगुणत राहतो. आत्याला सांगितलं नव्हतं. दोन ओळी गाऊन झाल्यावर तिने डोळे उघडून इकडे तिकडे पाहिलं, "सूर कोण धरतंय?"

एफएम ड्रम मी डग्ग्यासाठी राखलाय. ठोका पडला की दुसऱ्या हाताने पिचचा नॉब किंचित चढवायचा, घिस्सा येतो. मनगटाने डग्ग्यावर काढतात तसा गोल येत नाही, जरा प्लॅस्टिकचा येतो. बाबा ऐकून म्हणाले, "थिरकवाँसाहेब नाहीत, पण चालेल." थिरकवाँ म्हणजे तबल्यातलं मोठं नाव.

आता सिक्वेन्सर. सोळा बटणं पाहून तबलावाल्या माणसाच्या मनात तीनतालच येणार. माझ्याही आला. पण त्या सोळा म्हणजे सोळा मात्रा नव्हेत, चार मात्रांचे चौथे भाग. केरवा बसवायचा तर आठ मात्रांना दोन-दोन बटणं. गरब्यातल्या तालाचं नाव हींच, ती सहा मात्रांची. मग 'लास्ट स्टेप' धरून बारावं बटण दाबायचं, शेवटची चार झोपतात आणि बारांत हींच फिरायला लागते. तीही नुसती मांडली तर सरकारी वाटते, सगळे ठोके रांगेत. ऑर्केस्ट्रातला आमचा ढोलवाला दुसरा ठोका एवढासा मागे रेंगाळवतो, त्याच्यावरच तर खेलैयांचे पाय उचलतात. यंत्रात स्विंग आहे, म्हणजे एकाआड एक ठोका मागे सरकवायची सोय, पन्नास ते पंचाहत्तर टक्के, आणि प्रत्येक वाद्याला वेगळा देता येतो. केरव्यात मी तो फक्त हायहॅटला देते, किक सरळ ठेवते. हींचेला मात्र त्या स्विंगने रेंगाळणं येत नाही, मी कबूल करते. तिथे ढोलवालाच पाहिजे, आणि त्याला काढून डबा ठेवायचा विचार मी स्वप्नातही करत नाही.

हे बटणांचं मांडणं मला परकं वाटलं नाही, त्याचं श्रेय बडोद्याला. सूरसागरच्या काठी ती संगीतशाळा आहे ना, आता युनिव्हर्सिटीची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी, ती सयाजीराव महाराजांच्या काळात १८८६ साली मौलाबक्षांनी गायनशाळा म्हणून सुरू केली. गाणं कागदावर लिहायची त्यांची स्वतःची पद्धत होती, तिची पाठ्यपुस्तकं होती. गुरूच्या तोंडून कानात, एवढीच वाट असलेल्या काळात कागदावर लिहून गाणं शिकवायचं म्हणजे लोकांनी काय काय म्हटलं असेल! बाबा तिथेच संध्याकाळच्या वर्गाला जायचे. त्यांच्या वहीत आडव्या ओळीत मात्रांचे आकडे, खाली बोल, समेला फुली, खालीला शून्य. मला ती वही पाठ होती. सिक्वेन्सर म्हणजे तीच वही, फक्त लिहिलेलं लगेच वाजवणारी.

यंत्रात पॉलिरिदम नावाची सोय आहे. एरवी सगळी वाद्यं सोळा पावलांत फिरतात. ही चालू केली की प्रत्येकाला आपापली लांबी. एका रविवारी मी बाकी सगळं सोळावर ठेवून काउबेल सातावर टाकली. बाबा चहा पीत बसले होते. काउबेल लगेच भरकटली, समेच्या कधी आधी, कधी नंतर. मी म्हटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. कप खाली ठेवला आणि अंगठा बोटांच्या पेरांवर फिरायला लागला. मी गप्प. सातवं आवर्तन संपता संपता त्यांनी यंत्राच्या केसभर आधी मांडीवर थाप मारली आणि त्या थापेवर किक आणि काउबेल एकत्र पडल्या.

"एकशेबारा," ते म्हणाले. साते सोळा एकशे बारा. मग म्हणाले, "अकरा कर."

रँडमनेसचा नॉबही आहे, तो वाढवला की यंत्र मनाने अधूनमधून ठोके टाकतं. तो त्यांना अजिबात आवडला नाही. "नवा शिष्य आहे. हात शिवशिवतात त्याचे," म्हणाले. मी तो शून्यावरच ठेवते.

फजितीही सांगायला हवी, नाहीतर जाहिरात वाटेल. परवाच्या गणपतीत आमच्या दांडिया बाजारच्या वाड्यात अभंगांचा कार्यक्रम होता. डब्याचा अडॅप्टर मी एका बोर्डात लावला, मिक्सर दुसऱ्या बोर्डात. आत्याने "सा" लावला आणि स्पीकरमधून "भूंऽऽ" सुरू झालं. दोन बोर्ड झाल्याने विजेचीच गुणगुण स्पीकरात शिरली होती. आपली वीज ५० हर्ट्झची, आत्याचा खालचा सा ५२चा. म्हणजे मांडवभर एक उतरलेला तानपुरा. आत्या माझ्याकडे रागाने बघते आहे, मला काही सुचेना, आवाज कमी करायला हात घातला आणि घाईत डिस्टॉर्शनचं बटण दाबलं. नॉब आदल्या रात्रीपासून पुरा उजवीकडे, काळ्या टिकलीवर. विठ्ठलाच्या नावावर पहिली किक पडली ती ट्रक सुरू झाल्यासारखी. पुढच्या रांगेतलं एक बाळ रडायला लागलं, आणि मागच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, हे जास्त वाईट. पुढचे तीन अभंग बाबांच्या तबल्यावर झाले. आता मी सगळ्या तारा एकाच बोर्डात घालते आणि कार्यक्रमाला निघताना डिस्टॉर्शन शून्यावर आहे ना ते दोनदा बघते, गॅस बंद केलाय ना बघतो तसं.

तरी ते डिस्टॉर्शन मला सगळ्यात प्रिय आहे. थोडंसं, अगदी चिमूटभर दिलं की दहा सुटे आवाज एका कढईतले वाटायला लागतात.

तुमच्यापैकी कुणाला घ्यायचं असेल तर एवढंच. तबल्याचा, ढोलकीचा आवाज हवा असेल तर घेऊ नका, फोन बरा, बाबांच्या तालमालेसारखं तबल्याचं मशीन त्याहून बरं. लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकून पसंत-नापसंत ठरवू नका. त्यावर किकची नुसती टिकटिक येते, पोट ऐकूच येत नाही. आणि घरात धूळ पुसणारं माणूस कोण आहे, ते आधी बघा.

कारण स्नेअर मला अजून लागलेली नाही. मला ती पत्र्यावर पहिला पाऊस पडतो तशी हवी आहे आणि ती पापड मोडल्यासारखी येते. मागच्या रविवारी अगदी जवळ आले होते. टोन थोडा खाली, डिके थोडा वर, आता एक केसभर, आणि आत कुकरची तिसरी शिट्टी झाली. गॅस बंद करून परत येते तो बाबा फडकं घेऊन उभे. "केवढी धूळ बसते गं याच्यावर," ते म्हणाले, आणि सगळे नॉब स्वच्छ चमकत होते.