कार्ताहेनात अखेर खाट मिळाली!

आज दिवसभर पाठीवर सॅक टाकून कोलंबियातल्या कार्ताहेनात वणवण. १५३३ साली वसलेलं, तटबंदीतलं जुनं शहर देखणंच, पण तिथले भाव ऐकून घाम फुटला. (उन्हाने फुटत होताच.) बोकाग्रांदेला समुद्र समोर, पण सगळे टॉवर. आपलं काम नाही. शेवटी जुन्या शहराला लागून असलेल्या हेत्सेमानीत, त्रिनिदाद चौकाजवळ, आठ जणांच्या खोलीत वरची खाट मिळाली. पंखा कुरकुरतोय, गादी मधोमध खचलीये, चादर मात्र स्वच्छ.

आता चौकात चर्चसमोर बसून आरेपा दे वेवो खातोय. म्हणजे मक्याची जाड पुरी, पोटात अख्खं अंडं घालून तळलेली. मघाशी आईला व्हिडिओ कॉलवर खोली दाखवली. तिचा पहिला प्रश्न, "खाटेला कठडा आहे ना रे?"