न बोलणाऱ्या डिझेलशी ओळख

मी गाडी कानानं चालवतो. डोळे रस्त्यावर असतातच, पण गिअर कधी टाकायचा, टर्बो भरला का, इंजिन कुठं कण्हतंय, हे मला कान सांगतात. आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा ट्रेड केला, चार वर्षं गॅरेजात हात काळे केले, मग ४०७ टेम्पो, टवेरा, इनोव्हा असं करत कराडला एका फौंड्रीवाल्यांकडे, म्हणजे ओतकामाच्या कारखानदारांकडे, ड्रायव्हर म्हणून लागलो. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. इनोव्हा क्रिस्टा आठ वर्षं चालवली. रात्री झोपेतून उठवून तिसरा का चौथा विचारलं असतं तरी आवाजावरून सांगितलं असतं.

गेल्या वर्षी अण्णांनी मनावर घेतलं आणि २०२१ची मर्सिडीज जीएलएस ४००डी सेकंडहँड घ्यायचं ठरवलं. पुण्याला गाडी बघायला अर्थात मीच गेलो. आधीच्या मालकांना आदल्या रात्री फोन करून सांगितलं होतं, "साहेब, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." डिझेल बघायचं तर गार असताना. गार इंजिन खोटं बोलत नाही, असं आमचे गॅरेजचे मालक म्हणायचे.

पण हे इंजिन खरंखोटं काहीच बोलेना. बटण दाबलं, काटा वर गेला, आणि मला बॉनेट उघडून झाकणावर तळहात ठेवून खात्री करावी लागली. हाताला जेमतेम लागेल इतकी थरथर. खडखड नाही, मागं धूर नाही. कान लावून नळ्यांजवळ वाकलो तेव्हा कुठं आत डिझेल आहे हे कळलं. मालक हसले. मला मात्र हसू आलं नाही. वीस वर्षांच्या अनुभवाचा तिथं काही उपयोग नव्हता. शेवटी सर्व्हिसचा सगळा इतिहास काढून आणायला लावला, गाडी लिफ्टवर चढवून खालून तपासून घेतली, तासभर चालवली आणि मग अण्णांना "घ्या" म्हणालो. कर्जाचा बोजा उतरवणं, फॉर्म २९, ३०, कराडच्या आरटीओत नाव लावणं, हे सगळं एजंटानं केलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आवाज का नाही, हे मात्र डोक्यातून जाईना. सर्व्हिस सेंटरला एक जुना तंत्रज्ञ भेटला, त्याला चहा पाजून विचारून घेतलं. यात सहा सिलिंडर एका ओळीत आहेत, २,९२५ सीसी. आधीच्या जीएलएस ३५०डीमध्ये व्ही-सहा होतं, म्हणजे तीन-तीन सिलिंडर इंग्रजी 'व्ही'सारखे तिरके. व्ही-सहाचा हेलकावा मारायला आत वेगळा बॅलन्स शाफ्ट फिरवावा लागतो. एका ओळीतल्या सहामध्ये पुढचे तीन पिस्टन जे ढकलतात ते मागचे तीन खोडून काढतात, आणि दर १२० अंशाला एक स्फोट होतो. त्यामुळं थरथर जवळजवळ उरतच नाही. हेच इंजिन २०१८मध्ये चाकणला जोडलेल्या एस-क्लासमधून आपल्याकडे आलं. ही जीएलएसही चाकणलाच जोडलेली. म्हणजे परदेशी म्हणून मी जिला बिचकत होतो, ती आमच्यापासून चार तासांवरची!

मला जास्त नवल वाटलं ते पिस्टनचं. आम्ही शिकलो तेव्हा गाडीचा पिस्टन म्हणजे अॅल्युमिनियमचा आणि ब्लॉक बिडाचा. इथं उलटं. ब्लॉक अॅल्युमिनियमचा आणि पिस्टन स्टीलचे. ऐकून आधी वाटलं हा थट्टा करतोय. पण हिशोब बरोबर आहे. स्टील तापल्यावर अॅल्युमिनियमपेक्षा कमी फुगतं. इंजिन तापलं की ब्लॉक जास्त पसरतो, पिस्टन कमी, मग मधली फट थोडी मोकळी होते आणि घासणं घटतं. मी विचारलं, "आणि लाइनर?" म्हणजे सिलिंडरच्या आत बसवायची बिडाची नळी. तर म्हणाला, लाइनर नाहीतच. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर लोखंडाचा पातळ थर फवारून, घासून आरशासारखा केलाय. किती लाइनर मी प्रेसवर ठोकून बसवलेत! बोअरिंगवाल्याकडे किती दुपारी गेल्या! चहा संपेपर्यंत मी गप्पच होतो.

असो. आता चालवण्याचं.

पहिली फजिती उंब्रजजवळ झाली. क्रिस्टात इंडिकेटरची दांडी उजवीकडे. या गाडीत इंडिकेटर डावीकडे, आणि उजवीकडच्या दांडीवर गिअर. वर ढकलली की रिव्हर्स, खाली दाबली की ड्राइव्ह, आणि मध्येच अर्धवट ढकलली की न्यूट्रल. ट्रकला ओव्हरटेक करायला निघालो, सवयीनं उजव्या हाताची बोटं दांडीवर गेली आणि गाडी न्यूट्रलला. क्रिस्टात असं झालं असतं तर इंजिन असं किंचाळलं असतं की मागच्या सीटवरचा माणूस उठून बसला असता. इथं नुसती गुणगुण. मी पाय दाबतोय, गाडी ओढत नाही, मागून ट्रॅव्हल्सवाला हॉर्नवर हात ठेवून आलेला. समोर पडद्यावर इंग्रजी 'एन' दिसलं तेव्हा उलगडलं. अण्णा मागून म्हणाले, "काय रं, बंद पडली का काय?" मी म्हणालो, "नाही अण्णा, माझंच चुकलं." पुढं पंधरा दिवस गाडी काढायच्या आधी, उभ्या गाडीत, डाव्या हातानं इंडिकेटर दहा-दहा वेळा लावायचो. वॉचमन बघून हसायचा.

दुसरी गोष्ट वेगाची, आणि ही हसण्यावारी नेण्यासारखी नाही. क्रिस्टाच्या मॅन्युअलला ३४३ न्यूटनमीटर टॉर्क. हिला ७००, आणि तोही १,२०० आरपीएमपासून. म्हणजे दुप्पट ओढ, आणि ती मिळवायला इंजिनाला धावावंच लागत नाही. गिअर नऊ. शंभरच्या वेगाला काटा पंधराशेच्या आत असतो. वाऱ्याचा आवाज नाही, टायरचा नाही, इंजिनाचा तर नाहीच. माझे कान सांगत होते साठ, आणि गाडी चालली होती एकशे पंधरानं. पाचवडच्या पुढं अण्णा शांत झोपलेले, मीही खुशीत. आठवड्यानं दोन हजारांचं ई-चलान मोबाइलवर आलं. अण्णा काही बोलले नाहीत, पण मी ते माझ्या खिशातून भरलं. गाडीत वेगमर्यादा लावून ठेवायची सोय आहे. ती मी तेव्हापासून लावतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

तिसरा धडा कुंभार्ली घाटात मिळाला. चिपळूणला लग्नाला निघालो होतो, कोयनानगर सोडून घाट उतरायला लागलो. क्रिस्टा असती तर हात आपोआप दुसऱ्या गिअरवर गेला असता आणि इंजिनानंच गाडी धरून ठेवली असती. इथं ड्राइव्हला टाकून, नुसत्या ब्रेकवर खाली आलो. रिकामी गाडीच अडीच टनांच्या आसपास, वर आम्ही सहा जण आणि आहेराच्या पेट्या. पोफळीला पोचेपर्यंत ब्रेकचा जळका वास यायला लागला. कडेला उभी करून अर्धा तास चाकं गार होऊ दिली. गाडीचा काही दोष नाही, तिनं धरलं बिचारीनं. चूक माझी. ऑटोमॅटिक म्हणजे आपल्याला काम नाही, असं मी धरून चाललो होतो. स्टिअरिंगमागं डाव्या हाताला जो छोटा पंजा आहे तो दाबला की गिअर एकेक खाली येतो. येताना चढणीला नाही, पण पुढच्या खेपेला उतरताना प्रत्येक वळणाआधी तो दाबत आलो. तिसऱ्यावर, कधी दुसऱ्यावर. आणि तिथं, दुसऱ्यावर उतरताना, पहिल्यांदा मला त्या इंजिनाचा खरा आवाज ऐकू आला. खर्जातला, भरलेला. जीव भांड्यात पडला.

सस्पेन्शनला मात्र मी लगेच ओळखलं. स्प्रिंग नाहीत, हवेचे फुगे आहेत, व्होल्वो बसला असतात तसे. मागं माणसं आणि सामान भरलं तरी गाडी मागून बसत नाही, कॉम्प्रेसर हवा भरून पातळी राखतो. फौंड्रीकडचा रस्ता म्हणजे रस्ता म्हणायची पद्धत आहे म्हणून रस्ता, तिथं बटण दाबून वर उचलतो. खड्ड्यात आदळल्याचं कळतं, पण ते शेजारच्या घरात भांडं पडल्यासारखं, लांबून. वळणावर मात्र ती तिचं वजन लपवू शकत नाही. घाटातल्या नागमोडी वळणांवर जोरात टाकली तर वरचा भाग मागाहून येतो. मागच्या रांगेतल्या पोरांना त्यामुळं मळमळतं. लांबी ५.२ मीटर, क्रिस्टापेक्षा जवळजवळ दीड फूट जास्त. अण्णांच्या वाड्याच्या फाटकातून आरसे मिटून घ्यावे लागतात. पेठेत भाजी आणायला ही न्यायची नाही, असं मी वहिनींना स्पष्ट सांगितलंय. अॅव्हरेज गावात सात-आठ, हायवेला अकरा-साडेअकरा. विचारणारे सगळे आधी तेच विचारतात, म्हणून लिहिलं.

आता युरियाची गंमत. डिझेलच्या झाकणाशेजारी निळं झाकण आहे, त्यात अॅडब्लू भरायचं. ट्रकवाले त्याला सरळ युरिया म्हणतात. पाण्यात ३२.५ टक्के युरिया. तो सायलेन्सरकडच्या गरम धुरात फवारला जातो आणि नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडचं नायट्रोजन आणि पाणी होतं. अण्णांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाले, "उसाला टाकतो तोच का? गोदामात चार पोती पडलीत." विहिरीचं पाणी आणि खताचा युरिया यांच्या मिश्रणानं इंजेक्टरचं काय होईल हे समजवायला मला पूर्ण सातारा ते कराड लागलं. पंपावरच्या पोराच्या हातात मी नोझल देतो, पण झाकण स्वतः उघडतो. निळ्यात डिझेल गेलं तर खर्च माझ्या पगाराच्या भाषेत मोजावा लागेल.

आणि काजळी. अण्णांचं घर ते फौंड्री चार किलोमीटर. दोन महिने रोज तेवढंच जाणं-येणं चाललं होतं. एकदा दुपारी गाडी बंद केली तरी पंखा मोठ्यानं घोंघावत राहिला, खालून तापलेल्या तव्यासारखा वास. इंजिन तापलं म्हणून माझा थरकाप. त्या तंत्रज्ञाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "ती काजळी जाळत होती. तुम्ही मध्येच बंद केलीत." धुरातली काजळी फिल्टरमध्ये साठते आणि गाडी अधूनमधून तो फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापवून ती जाळते. चार किलोमीटरात ते काम पुरं होत नाही. वर दरवेळी अर्धवट सोडलं तर काही डिझेल न जळता इंजिन ऑइलमध्ये उतरतं. "आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेला काढा," एवढंच सांगून त्यानं फोन ठेवला.

तेव्हापासून माझे कान पुन्हा कामाला लागले. काजळी जळत असली की आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, किंचित वर असतो, एरवीसारखं सिग्नलला इंजिन आपोआप बंद होत नाही, आणि खालून एक जाड घुमारा येतो. रात्री गाडी लावून उतरलं की हवेचा बारीक सुस्कारा, मागून पंपाची टिकटिक. इंजिन बोलतं, फक्त हळू बोलतं.

परवा संध्याकाळी अण्णांना घेऊन फौंड्रीतून निघालो. फाटकाजवळ आलो आणि तो घुमारा लागला. काटा बघितला, वरच होता. मी फाटकासमोरून गाडी तशीच पुढं काढली.

"आरं, घर राहिलं की मागं!"

"अण्णा, वीस मिनिटं. काजळी जाळतीय."

अण्णांनी घड्याळ बघितलं, सीट मागं केली. "मग मसूर गावाकडनं घे. ऊस किती वाढलाय बघून येऊ."