आई घेत नाही

रँस (फ्रान्स), शनिवार, रात्रीचे सव्वाअकरा

अजयने माझ्या ग्लासवर आपला तळहात आडवा धरला आणि इंग्रजीत सांगितले, “आई घेत नाही.” एवढेच झाले. ओतणाऱ्या मुलीने तिरकी केलेली बाटली सरळ केली, ती हसली, पुढच्या माणसाकडे वळली आणि दोन मिनिटांनी माझ्यासमोर द्राक्षांचा रस आला. तोही तशाच उंच, निमुळत्या ग्लासात होता, म्हणजे फोटोत मी वेगळी दिसू नये एवढी काळजीही कोणीतरी घेतली होती. या गोष्टीला आता सात तास होऊन गेले आणि मी अजून जागी आहे.

मला शॅम्पेन हवी आहे का, असे त्या मुलीने विचारले असते तर मी बहुधा नकोच म्हणाले असते. म्हणजे उत्तरात काडीचा फरक पडला नसता. तरीही ते उत्तर माझ्या तोंडून गेले नाही, ही गोष्ट दातात अडकलेल्या सुपारीच्या कणासारखी पुन्हा पुन्हा जिभेला लागते आहे. विनातक्रार कुठेही येणारी बाई म्हणून माझी ख्याती आहे, आणि ती मी स्वतःच मिळवलेली आहे, हेही खरे.

शिवाय आज मी गप्प राहण्याच्या मनःस्थितीत मुळीच नव्हते. पोमेरी या शॅम्पेनच्या पेढीच्या तळघरात उतरायला ११६ पायऱ्या आहेत, आणि वरच्या पायरीवर उभे राहिले की तळाशी नुसता मिणमिणता उजेड दिसतो. तिथे अजय म्हणाला, “आई, तू इथेच बस. आम्ही तासाभरात येतो.” बसायला बाक होता, समोर पाहायला एमिल गाले या फ्रेंच कलावंताने अमेरिकेतल्या १९०४ च्या सेंट लुई प्रदर्शनासाठी कोरलेले ७५,००० लिटरचे अवाढव्य लाकडी पिंप होते, आणि माझ्या गुडघ्यांबद्दल तो जे बोलत होता त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. मी “येणार” एवढेच म्हणाले, कठड्याला हात लावला आणि मोजत उतरू लागले. मृण्मयी माझी पिशवी घेऊन एक पायरी मागे होती आणि सत्तरीच्या पुढे तिनेही मोठ्याने मोजायला सुरुवात केली. पायऱ्यांसाठी जी बाई भांडू शकते, तिला वीतभर ग्लासासाठी तोंड उघडता येऊ नये, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

खाली मात्र मी सगळे विसरले होते. जमिनीखाली तीस मीटर, बाराही महिने दहा अंशांच्या आसपास, आणि डोक्यावर त्या खाणी. गॅलो-रोमन काळात, म्हणजे इथे रोमनांचा अंमल होता तेव्हा, लोकांनी बांधकामासाठी दगड काढला तो वरून लहानसे तोंड पाडून आणि खाली रुंदावत नेत, त्यामुळे आत उभे राहून वर पाहिले की आपण एखाद्या पोकळ पिरॅमिडच्या तळाशी आहोत असे वाटते आणि टोकाला दिवसाचा एक चौकोनी तुकडा दिसतो. अशा १२० खाणी अठरा किलोमीटरच्या बोगद्यांनी एकमेकींना जोडून मादाम पोमेरीने तळघर केले. या प्रदेशातले द्राक्षमळे, पेढ्या आणि तळघरे यांना २०१५ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, वगैरे माहिती वाटाड्या मुलगा सांगत होता, तेव्हा मी मागे राहून भिंतीला बोट लावले. बोट ओले आणि पांढरे झाले. खडू! तेहेतीस वर्षे मी ज्याची धूळ पदराला पुसली तो खडू इथे तीस मीटर उंच उभा होता, आणि त्याच्या पोटात लोकांनी वाइन ठेवली होती. पहिल्या महायुद्धात रँसवर चार वर्षे तोफगोळे पडत होते, तेव्हा माणसे या शहराच्या तळघरांत राहायला आली आणि मुलांच्या शाळाही तिथेच भरल्या. फळ्यावर लिहायला तिथल्या बाईंना खडू कमी पडला नसेल, असे मी मृण्मयीला म्हटले. ती हसली. अजय पुढे होता, त्याला ऐकू गेले नाही.

भिंतीत कोरलेली मोठमोठी उठावशिल्पे आहेत; १८८० च्या दशकात गुस्ताव नाव्हले नावाच्या शिल्पकाराने ती या ओल्या थंडीत केली. त्यात बाकस या मद्यदेवतेचा उत्सव आहे आणि सगळे जण मनसोक्त पीत आहेत. त्यांच्या ग्लासांवर कोणी हात धरलेला दिसला नाही.

वाटाड्याने एक बाटली उचलून दिव्यासमोर धरली, तो क्षण मला नीट आठवतो. बाटली आडवी होती आणि तिच्या पोटाशी गाळाची एक फिकट रेघ बसली होती, निवळीखाली तांदळाचे पीठ बसते तशी. त्याने मनगट जरासे वळवताच ती रेघ धुरासारखी उठली आणि सगळी बाटली गढूळ झाली. दुसऱ्यांदा आंबवण्यासाठी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात, आतल्या वायूचा दाब पाच-सहा वातावरणांएवढा चढतो, आणि यीस्ट आपले काम संपवून तळाशी मरून पडते. साधी शॅम्पेन किमान पंधरा महिने ठेवावी लागते, विशिष्ट सालाची असेल तर तीन वर्षे. मग बाटल्या तिरक्या घोडीत अडकवून रोज थोड्याथोड्या फिरवत, उलट्या करत नेतात, म्हणजे गाळ हळूहळू घसरत बुचापाशी येतो. तिथे तो गोठवून बूच काढले की आतल्या दाबाने आपोआप बाहेर उडतो. आता हे फिरवण्याचे काम बहुतेक यंत्रे करतात. गाळ आधीच का काढत नाही, असे कोणीतरी विचारले, तेव्हा तो म्हणाला की चव त्याच्याच संगतीत येते. हे वाक्य मी लिहून घेतले होते, पण आता त्याचे काय करावे ते कळत नाही.

मग तो विधवांवर आला. रँसला आल्यापासून पिवळ्या लेबलावर ‘व्हव’ हा शब्द दिसत होता आणि मी तो आडनाव समजत होते. ‘व्हव’ म्हणजे विधवा. त्या लेबलाच्या क्लिकोबाई सत्ताविसाव्या वर्षी, १८०५ मध्ये विधवा झाल्या आणि त्यांनी पेढी हाती घेतली. बाटल्या उलट्या फिरवून गाळ उतरवण्याची युक्ती त्यांच्याच तळघरातली, १८१६ ची. पोमेरीबाईंचे यजमान १८५८ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या घरात लोकरीचाही व्यापार होता. त्यांनी लोकर सोडून शॅम्पेन धरली, आणि जिच्यात लोक बेसुमार साखर घालून पीत होते तिची साखर उतरवून १८७४ मध्ये कोरडी शॅम्पेन विकली. परवा पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात ज्या चित्रासमोर मी बराच वेळ उभी होते, ते सरवा वेचणाऱ्या तीन बायकांचे मिलेचे चित्र याच बाईंनी विकत घेतले होते आणि त्यांच्या मागे, १८९० मध्ये, ते लूव्रला गेले. नवरा असताना नवऱ्याच्या संमतीवाचून बाईला त्या काळच्या फ्रेंच कायद्यात व्यवहार करता येत नसे आणि तो गेल्यावर येत असे, असे वाटाड्या अगदी सहज सांगून गेला. अजयने तेवढ्यात माझ्याकडे पाहिले आणि पटकन दुसरीकडे पाहिले. माझ्या डोळ्यांसमोर गेल्या वर्षीची निमंत्रणपत्रिका आली, तिच्यात माझ्या नावामागे कोणीतरी श्रद्धेने छापलेले ‘गं. भा.’ आले. असो.

तर त्या ११६ पायऱ्या चढून, तीनदा थांबून, धापा टाकत मी वर आले, आणि माझ्या ग्लासवर हात पडला.

रस गोड होता. अजयच्या ग्लासातून बारीक बुडबुड्यांची एक माळ तळापासून वर येत होती, ती मी पाहत राहिले. वास मात्र माझ्यापर्यंत येत होता, भाजलेल्या पावासारखा आणि किंचित हिरव्या सफरचंदासारखा. चवदार आहे का, असे मी मृण्मयीला विचारले आणि तिने मला समजेल अशा बेताने समजावून सांगितले, की थोडी आंबट असते, आई. तेव्हा मला अगदी रडू येईल असे वाटले. साठी उलटली की माणसाचे होकार-नकार घरातल्या सामायिक कपाटात जातात, ज्याला लागेल त्याने काढावेत आणि वापरावेत, असे काहीबाही मनात आले. हे असते तर, इथपर्यंतही मी आले, आणि तिथे एकदम थबकले. कारण हे असते तर पहिले काय म्हणाले असते, ते मला पक्के ठाऊक आहे.

अजयला माहीत नाही. माहीत असण्याचे कारण नाही, तो तेव्हा चार वर्षांचा होता आणि गाढ झोपला होता. नारायणगावला फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने अशीच फसफसणारी वाइन होऊ लागली होती, आणि एकतीस डिसेंबरच्या रात्री हे तिची एक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. आम्ही स्वयंपाकघराचे दार लावून घेतले. बूच सुटले ते थेट वरच्या फळीवरच्या रव्याच्या डब्यावर जाऊन आदळले, आणि पलीकडच्या खोलीत सासूबाई जाग्या झाल्या म्हणून आम्ही दिवा मालवून अंधारात श्वास रोखून उभे राहिलो. काचेचे ग्लास घरात पाहुण्यांपुरते होते आणि ते कपाटात, कपाट सासूबाईंच्या खोलीत. स्टीलच्या फुलपात्रांतून प्यायलो. मी दोन फुलपात्रे घेतली, ह्यांनी दीड. सकाळी मी तो रव्याचा डबा पोचा बाहेरून दिसणार नाही असा वळवून ठेवला. तो अजून तसाच आहे, आणि अजय त्यातला रवा खातच मोठा झाला.

तेव्हा ‘आई घेत नाही’ हे विधान ऐतिहासिक दृष्ट्या चूक आहे. पण मग वाटाड्याचे शब्द आठवले: शॅम्पेन म्हणायचे ते फक्त या प्रदेशात, याच पद्धतीने केलेल्या वाइनला, बाकी सगळे दुसरे काहीतरी. म्हणजे नारायणगावची ती शॅम्पेन नव्हतीच. म्हणजे आई शॅम्पेन घेत नाही, हे माझ्या मुलाने भर सभेत सांगितले ते फ्रेंच कायद्याने तंतोतंत बरोबर ठरते. हे लक्षात आल्यावर मी इथे एकटीच हसले.

आणि हसता हसता ती जिलबी आठवली, जी मला आठवायची नव्हती. माझ्या नणंदेच्या मुलीच्या लग्नात वाढपी जिलबी घेऊन आला आणि मी शेजारी बसलेल्या सासूबाईंच्या पानावर माझा तळहात आडवा धरला. “त्यांना नको, साखर आहे.” मी अगदी प्रेमाने म्हणाले होते, चार बायकांनी सुनेचे कौतुक केले होते. वाढपी पुढे गेला. सासूबाई जिलबीकडे पाहत नव्हत्या, माझ्या हाताकडे पाहत होत्या. मला तेव्हा वाटले होते की हातातल्या बांगड्या पाहत आहेत.

त्या कधीच काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी काय म्हटले असते? तुमच्यासाठीच ना. आज अजयही हेच म्हणाला असता, आणि मी त्याला तशी संधीच दिली नाही, हे एक बरे केले.

रात्री जेवायला बसलो तेव्हा वेटर शेवटी चीजची पाटी घेऊन आला. सहा-सात तऱ्हा होत्या आणि एकीला असा वास होता की मृण्मयीने खुर्ची मागे सरकवली. वेटरने पाटी अजयपुढे धरली आणि माझ्या तोंडून गेले, “नको, त्याला रात्री दुधाचे सोसत नाही.” मराठीत. एक्केचाळीस वर्षांचा माझा मुलगा माझ्याकडे पाहत राहिला, वेटर त्याच्याकडे, आणि मृण्मयी ताटलीत खाली मान घालून खांदे हलवत हसत होती. मग अजयने बोटाने दाखवून दाखवून तीन तुकडे घेतले, त्यांत तो वासाचाही घेतला, आणि माझ्याकडे पाहत सावकाश संपवले. मी काही बोलले नाही.

आताच तो दार वाजवून, ओवा आणला आहेस का, असे विचारून गेला.