तुम्ही विचारलंत म्हणून: या भांड्यातून मोहाची निघते का?

घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण ओट्यावरचं तांब्याचं भांडं, त्याची नळी आणि खालची बादली बघतो आणि विचारतो, "काहून भाऊ, याच्यातून मोहाची निघते का?"

निघेल. पण मी काढत नाही. मी त्यात संत्र्याच्या साली लावतो, त्यांचं तेल आणि अर्क काढायला.

दारू का नाही, ते आधी सांगतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं विनापरवाना दारू गाळणं गुन्हा आहे, आणि त्यासाठी भट्टीचं साहित्य जवळ बाळगणंसुद्धा. शिवाय लोक पहिल्या धारेचं, म्हणजे नळीतून सुरुवातीला पडणाऱ्या दारूचं, कौतुक करतात. ती कडक असते हे खरं, मद्यार्क आधी येतो; पण ॲसिटाल्डिहाइडसारखी उग्र द्रव्यंही त्याच धारेत येतात. मिथेनॉल हा विषारी मद्यार्क ६४.७ अंशांना उकळतो, इथेनॉल म्हणजे दारूतला नेहमीचा मद्यार्क ७८ च्या वर, म्हणून सुरुवातीचं फेकलं की विष गेलं, असंही कुणी सांगतं. साध्या भांड्यात मिथेनॉल असं सुटं होत नाही, शेवटपर्यंत थोडंथोडं येत राहतं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं शंभरावर माणसं गेली. मिथेनॉल वासावरून, चवीवरून ओळखू येत नाही. अशा गोष्टीत अंदाजावर भरवसा ठेवायला मी तयार नाही.

आता संत्र्याचं. आंबिया बहाराची, म्हणजे थंडीत येणारी संत्री नागपूरच्या कळमना बाजारात येऊ लागली की माझं काम सुरू होतं. थंडीचे दिवस असल्यानं बादलीतलं, वाफ निववणारं पाणीही गार राहतं. मे महिन्यात आपल्याकडे टाकीचंच पाणी अंगाला चटका देतं, त्यात वाफ काय निवणार!

सालीची आतली पांढरी बाजू मी खरवडून टाकतो, नारिंगी भाग बारीक चिरतो आणि तो बुडून वर चार बोटं राहील इतकं पाणी घालतो. भांड्याला आतून कल्हई आहे. झाकणाची फट कणकेनं लिंपायची. नळीचं तोंड मात्र कायम उघडं हवं. ते तुंबलं तर आत कोंडलेली वाफ झाकण उडवते. जोड शिशानं झाळलेला नको, हे भांडं बनवून घेतानाच बजावून सांगावं.

मग आच मंद ठेवायची. घाई केली की उकळता रस नळीत चढतो आणि सगळं कडू होतं. सालीच्या तेलातलं मुख्य द्रव्य, लिमोनीन, एकटं १७६ अंशांना उकळतं, पण पाण्याबरोबर शंभराच्या आतच वर येतं. दोघं एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघांच्या वाफेचा दाब एकत्र होतो आणि उकळी लवकर येते. मला या कामातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं. पहिले थेंब दुधाळ पडतात. अरुंद गळ्याच्या बाटलीत थोडा वेळ ठेवले की खाली अर्क निवळतो आणि वर तेलाचा पातळ, चकचकीत थर येतो. तेव्हा घरभर असा वास असतो की शेजारच्या काकू दारातूनच विचारतात, "लावलं का आज?"

तेल ज्वालाग्राही आहे, म्हणून बाटली शेगडीपासून लांब आणि खिडकी उघडी. निघतं अगदी थोडं. पाटीभर सालींमागे बाटलीचा तळ झाकला तरी मी खूश असतो. अर्क फरशी पुसायच्या पाण्यात जातो. तेलाच्या एका थेंबानं बरणीवरच्या जुन्या लेबलचा चिकटा निघतो, करून बघा.