ओवळ्याच्या पेट्या : यंदाच्या सातेरी राण्या

मंडळी, ओवळ्याच्या वाडीतला राण्या वाढवण्याचा हंगाम आता आटोपत आला आहे. पेट्यांत सगळी सातेरीच, म्हणजे आपली देशी मधमाशी, एपिस सेराना इंडिका. मेलिफेराच्या, म्हणजे युरोपीय मधमाशीच्या, पेट्या फुलोऱ्यामागे गावोगाव फिरवाव्या लागतात. घोडबंदर रोडवर राहून नोकरी सांभाळत ते जमणारं नाही, आणि येऊरच्या पायथ्याला सातेरी मुळातच आहे.

नवीन मंडळी विचारतात, सातेरीची वसाहत आपली आपणच फुटते, म्हणजे जुनी राणी थवा घेऊन निघून जाते, राणीघरं बांधते, मग मुद्दाम राण्या वाढवायच्या कशाला? कारण फुटणाऱ्या वसाहतीतल्या राण्याच घेत गेलो, तर दरवर्षी आपण फुटण्याचीच सवय निवडत राहतो. गावच्या वाडीत ते चालून जातं. इथे कुंपणापलीकडे सोसायटीचं पार्किंग आहे. थवा कुणाच्या बाल्कनीत बसला, तर आपल्याआधी औषध फवारणारा माणूस पोहोचतो. म्हणून आई-वसाहत, म्हणजे जिच्या अळ्यांपासून राण्या वाढवायच्या ती वसाहत, निवडताना मी मधाकडे सगळ्यात शेवटी बघते. पहिला प्रश्न, पावसाळ्यात फुलोरा नसताना ती टिकली का? सातेरी उपासमारीत पेटी सोडून सरळ निघून जाते. दुसरा, झाकण उघडल्यावर माश्या कशा वागतात? बऱ्याच वसाहतींत त्या सैरावैरा धावतात आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्याला घोसाने लटकतात. यंदाच्या आईच्या माश्या पिल्लांवरून हलतच नाहीत. वाडी सांभाळणारे काका धुराडं न पेटवता तिचं झाकण उघडतात. "ताई, हिला धूर कशाला?" म्हणतात. तिच्यात थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाची पिशवीसारखी फुगलेली अळी कधी दिसलेली नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतातल्या सातेरीची या रोगाने काय दशा केली, ते जुन्या मधपाळांना विचारा.

यंदा सगळ्यात जास्त लक्ष दिलं ते नरांकडे. राणी वाढवण्याचे धडे सगळे अळी उचलण्यावर भर देतात, पण राणी जन्मली आणि हवेत पिकलेले नरच नसले, तर सगळी मेहनत वाया. राणी अंड्यापासून साधारण १६ दिवसांत बाहेर येते आणि आठवड्याभरात मिलनासाठी उडते. नराला बाहेर यायलाच २४ दिवस लागतात, आणि पुढे पक्व व्हायला आणखी दहा-बारा. म्हणून नराचं एखादं बंद घर उघडून बघायचं. आतल्या पिल्लाचे डोळे जांभळे झाले असतील, तर ग्राफ्टिंगला, म्हणजे लहान अळ्या उचलून मेणाच्या कपांत ठेवायला, हरकत नाही. पेटी न उघडताही एक खूण मिळते. सातेरी नरांच्या घरांवरची मेणाची टोपणं कामकरी माश्या आधीच काढून टाकतात. तळपाटावर मधोमध बारीक छिद्र असलेल्या त्या टोप्या पडलेल्या दिसल्या, की नर बाहेर यायच्या बेतात आहेत असं समजा. जानेवारीअखेर, आंबा आणि शेवगा फुलात असताना, त्या दिसल्या आणि मी कामाला लागले.

आता अळी ठेवायचे कप. मेलिफेरासाठी मिळणारे प्लास्टिकचे कप सातेरीला रुंद पडतात. गोल केलेल्या लाकडी काडीचं टोक आधी पाण्यात, मग वितळलेल्या सातेरीच्याच मेणात तीनदा बुडवून मी कप काढते. जरा कटकटीचं काम आहे, पण माश्यांची पसंती लगेच कळते.

ग्राफ्टिंग सकाळी, वाडीच्या पडवीत, ओला पंचा जवळ ठेवून. अळी अंड्यातून निघून फार तर एक दिवस झालेली हवी. ती घराच्या तळाशी पारदर्शक रॉयल जेलीच्या थेंबात स्वल्पविरामासारखी वाकून पडलेली असते. तीन शून्यांचा अगदी बारीक ब्रश तिच्या पाठीकडून, जेलीसकट, अलगद आत सरकवायचा. जी बाजू वर होती तीच कपातही वर राहिली पाहिजे. अळी उलटली, तर श्वासाची छिद्रं जेलीत बुडतात आणि ती गुदमरते. दुसऱ्या दिवशी कपाच्या काठावर ताज्या मेणाची फिकट कड चढलेली दिसली, की ती अळी माश्यांनी स्वीकारली. मेलिफेराचे लोक एका चौकटीत तीसेक राणीघरं दाखवतात, तो हिशेब इथे लावू नका. सातेरी मोजकीच राणीघरं पोसते, पण ती भरगच्च पोसते.

राणीघरं बांधायला दिलेल्या वसाहतीतून जुनी राणी दोन चौकटींसह छोट्या पेटीत हलवली होती. सातेरीला फार काळ बिनराणीचं ठेवता येत नाही. कामकरी माश्याच अंडी घालू लागतात, एकेका घरात दोन-तीन, आणि मग ती वसाहत रुळावर आणणं अवघड. माझ्या मते इथे ग्राफ्टिंग फसतं ते हाताच्या चुकीपेक्षा यामुळेच. राणीघरं बंद झाली, की त्यातलं एक तिथेच ठेवून बाकीची पिकल्यावर वाटायची.

पिकलेलं राणीघर ओळखणं सोपं आहे. टोकावरचं मेण माश्या कुरतडून काढतात आणि आतला तपकिरी कोष उघडा पडतो. ग्राफ्टिंगनंतर दहाव्या दिवसाच्या सुमारास ती घरं, टोक खालीच ठेवून, धक्का न लावता न्यूक्लियस पेट्यांत, म्हणजे मिलनासाठीच्या छोट्या पेट्यांत, लावली. त्यातल्या काही पेट्या नौपाड्यातल्या मैत्रिणीच्या गच्चीवर नेल्या. इतक्या लांबून माश्या जुन्या जागी परतत नाहीत. वाडीतल्या पेट्यांची दारं वेगवेगळ्या दिशांना केली आणि कपाळपट्टीला वेगळे रंग दिले, नाहीतर मिलनाहून परतणारी राणी शेजारच्या दारात शिरते आणि मारली जाते.

मोठं नुकसान केलं ते वेड्या राघूंनी. भर दुपारी वाडीवरच्या तारेवर ओळीने बसतात, आणि राण्यांचं उड्डाणही दुपारचंच. नारळाच्या दाट सावलीतल्या पेट्यांमधल्या राण्या बहुतेक परतल्या, उघड्यावरच्या निम्म्याही नाही. पुढच्या हंगामात सगळ्या मिलनपेट्या झाडांखालीच जातील.

सध्या करंज जोरात आहे, जांभूळ सुरू झालं आहे. नव्या राण्यांना पांढरा ठिपका लावला, १ आणि ६ वर संपणाऱ्या वर्षांचा रंग. उन्हासाठी पेट्यांवर ओलं गोणपाट, मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, हे नेहमीचंच. दोन नव्या वसाहती सुपर, म्हणजे मधाचा वरचा मजला, चढवण्याइतक्या भरल्या आहेत. गच्चीवरच्या एका राणीची पिल्लं मात्र विरळ आहेत, मधेमधे रिकामी घरं. राणीचं मिलन जवळच्या नात्यातल्या नरांशी झालं, की काही फलित अंड्यांतूनही नरच निघतात, आणि कामकरी माश्या त्या अळ्या खाऊन टाकतात. मला तीच शंका आहे. ती राणी बदलणार.

म्हणून बाहेरचं रक्त हवं आहे. खारघर किंवा पारसिकच्या डोंगराकडे कुणाकडे पावसाळा टिकलेली, शांत सातेरी असेल, तर मला तिच्या लहान अळ्यांची एक चौकट द्या. बदल्यात या आईची पिकलेली राणीघरं घ्या. तिवर फुलायच्या आत जमलं, तर पावसाआधी एक फेरी आणखी काढता येईल.